महाविद्यालयात बहुसांस्कृतिक कार्यक्रम विद्यार्थ्यांनी कसा उभा करावा

पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांत मिझोराम, मणिपूर, काश्मीर, ओडिशा, केरळ येथून आलेली मुले शिकतात. अफगाणिस्तान, इराण, येमेन, इथिओपिया, टांझानिया अशा देशांतून आलेलेही काही विद्यार्थी त्याच वर्गांत बसतात. तरीही वार्षिक स्नेहसंमेलनात या सगळ्यांच्या वाट्याला बहुधा वेशभूषेच्या फेरीतला एखादा फेरा किंवा विविधतेत एकता दाखवणाऱ्या समूहनृत्यातला एक कोपरा येतो. त्यांच्या कलेला पूर्ण वेळ आणि पूर्ण मंच देणारा स्वतंत्र कार्यक्रम विद्यार्थ्यांना स्वतःच्या बळावर उभा करता येतो. मी विद्यार्थी असताना सांस्कृतिक प्रतिनिधी म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून अशा कार्यक्रमांत राबलो आहे, आणि त्या अनुभवावरून पुढचे सांगत आहे.

माझे म्हणणे मुळात एकच आहे. विद्यार्थी प्रमुखाने वेळ, मंच आणि पैसा यांवर पक्की पकड ठेवावी. पण काय सादर करायचे, कोणत्या वेशात करायचे आणि त्याची ओळख कोणत्या शब्दांत करून द्यायची, हे ज्याची कला त्यालाच ठरवू द्यावे. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमके उलटे होते. वेळेच्या बाबतीत सगळे सैल सोडले जाते, आणि मिझो मुलींनी कोणता रंग नेसावा याबद्दल मात्र समितीत तासभर चर्चा होते.

तारीख ठरवण्यापूर्वी

सर्वांत आधी दहा आठवड्यांचा अवधी हातात घ्यावा आणि तारीख ठरवताना केवळ परीक्षेचे वेळापत्रक पाहू नये. नागा, मिझो, खासी विद्यार्थी नाताळसाठी घरी जातात आणि त्यांतले अनेक जण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतरच परततात, त्यामुळे डिसेंबरात ठेवलेल्या तालमी त्यांच्यासाठी वाया जातात. रमजानचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो; 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे ऐन स्नेहसंमेलनांच्या हंगामात. दिवसभर रोजा ठेवलेल्या मुलाला संध्याकाळी साडेसहाला, उपास सोडण्याच्या वेळी, मंचावर उभे करणे योग्य नाही. तिबेटी विद्यार्थ्यांचा लोसार फेब्रुवारी-मार्चमध्ये, इराणी आणि अफगाण विद्यार्थ्यांचा नवरोज 20 किंवा 21 मार्चला आणि आसामी मुलांचा रोंगाली बिहू एप्रिलच्या मध्यात येतो. यांतला एखादा सण जवळ असेल तर त्याचा उपयोगही होतो, कारण सणाच्या दिवसांत त्या मुलांकडे वाद्ये, कपडे आणि उत्साह तिन्ही असतात. फक्त सणाच्या नेमक्या दिवशी कार्यक्रम ठेवू नये. त्या दिवशी त्यांना आपल्या माणसांत असू द्यावे.

समितीत कोण असावे

समिती लहान असावी. पाच ते सात जण पुरेसे होतात: एक प्रमुख, एक रंगमंच व्यवस्थापक, एक हिशेब पाहणारा, एक ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारा, एक निवेदनाची जबाबदारी घेणारा आणि एक-दोन जण गटांशी संपर्क ठेवणारे. यांपैकी निम्मे सदस्य महाराष्ट्राबाहेरचे असावेत, आणि त्यांना केवळ संपर्काचे काम देऊन भागणार नाही. ज्या समितीत सगळी पदे मराठी मुलांकडे आणि नाचण्याचे काम तेवढे इतरांकडे असते, तिथे ती मुले चार वर्षे शिकूनही पाहुणीच राहतात. आमच्या एका वर्षी रंगमंच व्यवस्थापनाचे काम एका नागा विद्यार्थिनीने पाहिले होते. तिचे मराठी जेमतेम होते. पण विंगेत उभे राहून प्रत्येक गटाला दोन बोटांच्या खुणेने आत सोडण्याची तिची शिस्त मला आजही आठवते.

समितीबाहेर प्रत्येक गटाचा एकच मुखत्यार असावा आणि त्या गटाबद्दलचा प्रत्येक निरोप त्याच्याच मार्फत जावा. भ्रमणध्वनीवरच्या शंभर जणांच्या गटात निरोप टाकून कोणालाही काहीही कळत नाही.

गटांची आखणी हे सर्वांत नाजूक काम आहे. ‘ईशान्य भारत’ हा एक गट नव्हे; ती आठ राज्ये आहेत आणि त्या प्रत्येकात अनेक भाषा व जमाती आहेत. ‘आफ्रिकन नृत्य’ नावाचेही काही अस्तित्वात नाही. इथिओपियातील अम्हारा लोकांची खांद्यांच्या हालचालींची एस्किस्ता आणि टांझानियातले ढोलांचे न्गोमा यांना एका शीर्षकाखाली कोंबणे म्हणजे लावणी आणि भांगडा यांना ‘आशियाई नृत्य’ म्हणण्यासारखे आहे. मणिपूरमध्ये मे 2023 पासून जो संघर्ष झाला, त्याची झळ इथे शिकणाऱ्या मैतेई आणि कुकी मुलांच्या घरांनाही बसली आहे. अशा मुलांनी एकत्र मंचावर यावे असा आग्रह धरू नये. ऐक्याचे दृश्य पाहण्याची आपली हौस त्यांच्यावर लादू नये. प्रत्येकाला स्वतंत्रपणे, खासगीत विचारावे आणि नकार आला तर कारण विचारू नये.

आणि विविधता शोधायला नेहमी दूर जावे लागते असेही नाही. शासकीय आदिवासी वसतिगृहांत राहणारी नंदुरबार, पालघर, गडचिरोली, मेळघाट येथली मुले आपल्याच वर्गात असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांची मातृभाषा भिली, गोंडी किंवा कोरकू असते. त्यांना कोणी विचारत नाही, कारण ती मराठी बोलतात आणि म्हणून वेगळी दिसत नाहीत. वारली तारपा नाच किंवा माडिया-गोंडांची रेला गीते त्यांच्याकडून आली, तर मराठी प्रेक्षकाला आपल्याच राज्याची नवी ओळख होते. मात्र कोणी आदिवासी आहे म्हणून त्याला नाचता आलेच पाहिजे, असे गृहीत धरू नये. एखाद्याला कविता वाचायची असेल, तर त्याने कविताच वाचावी.

काय विचारावे

गट ठरले की प्रत्येक मुखत्याराबरोबर अर्धा तास बसावे आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. सादरीकरण किती मिनिटांचे आहे, माणसे किती, वाद्ये प्रत्यक्ष वाजणार की ध्वनिमुद्रित संगीत असेल, मंचाची रचना कशी हवी, कपडे बदलायला किती वेळ लागतो, गाण्याचा अर्थ काय, हे तर विचारावेच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: हे सादरीकरण गावाबाहेर, प्रसंगाबाहेर केलेले चालते का?

या प्रश्नाचे महत्त्व आपल्याला गोंधळावरून समजू शकते. गोंधळाची आपल्याकडे विधी म्हणून एक जागा आहे आणि मंचावरचे त्याचे रूप वेगळे आहे, हे आपण जाणतो. तसेच इतरांकडेही असते, पण तिथली रेषा कुठे आहे ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. उत्तर केरळातले तेय्यम हा विधी आहे आणि त्यात सादर करणाऱ्याला देवतेचे रूप मानले जाते. श्रीलंकेतल्या कँडी नृत्यातला वेस हा शिरोभूषणाचा साज विधिपूर्वक दीक्षा घेतलेल्या नर्तकानेच घालण्याची परंपरा आहे. केरळचा एखादा विद्यार्थी उत्साहाने तेय्यमचा मुखवटा आणतो म्हणाला, तर त्याच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या दोघांशी बोलावे आणि त्यांच्या चेहऱ्यावर अस्वस्थता दिसली तर दुसरा प्रकार सुचवण्याची विनंती करावी. राष्ट्रध्वजाबाबतही आधीच स्पष्ट सांगावे: कोणत्याही देशाचा ध्वज पोशाख म्हणून किंवा अंगावर गुंडाळून वापरू नये. आपल्या ध्वजाबाबत तर तो कायद्याचाच प्रश्न होतो.

निवड करताना चाचणी घेऊन गटांना बाद करण्याची पद्धत मला मान्य नाही. येमेनमधून आलेले दोनच विद्यार्थी असतील आणि त्यांचा ताल कच्चा असेल, तर त्यांना चार मिनिटे द्यावीत आणि तालमीला एखादा चांगला ढोलकीवाला जोडून द्यावा. वेळ कमी-जास्त करता येतो. पण दार बंद करू नये.

मंच कोणाला कसा हवा

आपल्या नाट्यगृहाचा मंच एका बाजूने उघडा असतो आणि प्रेक्षक समोर बसतात. जगातली बरीचशी लोकनृत्ये मात्र अशा मंचासाठी जन्मलेली नाहीत, आणि हौशी कार्यक्रमांतली सर्वाधिक हानी इथेच होते. अफगाण अत्तण गोल रिंगणात, ढोलाच्या वाढत्या लयीवर नाचले जाते. तारपा नाचात तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ फिरवत नाहीत. या रिंगणांना समोरच्या प्रेक्षकांसाठी सरळ रांगेत उभे केले की नृत्य तिथेच संपते. त्यांच्यासाठी मंचाखालची, पहिल्या रांगेपुढची जागा मोकळी ठेवावी, सतरंज्या काढाव्यात आणि प्रेक्षकांना तीन बाजूंनी बसवावे. काश्मिरी रौफमध्ये स्त्रियांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, त्यामुळे तो मंचावर आडवा मांडता येतो आणि दोन्ही रांगा दिसतात.

मिझोंच्या चेराव नाचाची तयारी तपशिलाने सांगतो, कारण त्याला सर्वाधिक मागणी असते आणि सर्वाधिक घोटाळेही त्यातच होतात. जमिनीवर आडव्या-उभ्या ठेवलेल्या बांबूंच्या जोड्या तालावर आपटत उघडायच्या आणि मिटायच्या, आणि नाचणाऱ्या मुलींनी त्यांच्या मधून पावले टाकायची, असे त्याचे स्वरूप असते. बांबू धरायला किमान सहा ते आठ जण लागतात आणि ते परंपरेने पुरुष असतात. महाविद्यालयात मिझो मुले इतकी नसतात, म्हणून बांबू धरायला इतर विद्यार्थी शिकवून तयार करावे लागतात आणि त्यांची तालीम मुलींच्या तालमीआधी तीन आठवडे सुरू व्हावी लागते. धरणाऱ्याचा ताल अर्ध्या मात्रेने चुकला तरी मुलीचा घोटा सुजतो. सरळ, सारख्या जाडीचे बांबू पुण्यात बुरूड आळीत मिळतात. ते फुटलेले किंवा कुसळे निघालेले नाहीत ना, हे एकेक हात फिरवून पाहावे आणि कुसळे असतील तर घासून घ्यावीत. पोकळ लाकडी मंचावर बांबूंचा आवाज इतका घुमतो की गाणे ऐकू येत नाही, म्हणून त्या सादरीकरणापुरता मंचावर खाली ठेवलेला माईक बंद ठेवावा. एका वर्षी बांबू आणि माईक या दोन्हींचा विचार करण्यात माझी चूक झाली होती. एका मुलीला पायाला पट्टी बांधून उरलेला नाच खुर्चीत बसून पाहावा लागला, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्रिपुरातल्या ब्रू मुलींचे होजागिरी असेल, तर घागरीवर उभे राहून डोक्यावर बाटली तोलायची असल्याने मंच जराही हलता कामा नये. लोखंडी सांगाड्यावर तात्पुरता बांधलेला मंच त्यासाठी चालत नाही. पावलांचे आवाज हाच ज्याचा प्राण आहे, अशा नृत्यात गालिचा काढावा. प्रत्यक्ष वाजणाऱ्या वाद्यांच्या बाबतीत साउंडवाल्याला आधी भेटवावे, कारण बिहूतला पेपा, म्हणजे म्हशीच्या शिंगाचे वाद्य, त्याने यापूर्वी ऐकलेले असण्याची शक्यता कमी असते आणि माईक किती अंतरावर धरावा हे वाजवणाराच सांगू शकतो.

वेळेचे गणित

कार्यक्रम अडीच तासांचा, म्हणजे 150 मिनिटांचा असावा. सरासरी सात मिनिटांची चौदा सादरीकरणे धरली तर 98 मिनिटे होतात. मधल्या तेरा बदलांना प्रत्येकी दोन मिनिटे दिली तर 26. स्वागत आणि पाहुणे यांना 15. एकूण 139 होतात आणि अकरा मिनिटे घसरगुंडीसाठी उरतात. पंधरावे सादरीकरण घेण्याचा मोह होईल तेव्हा हे गणित पुन्हा मांडावे. पाहुण्यांची भाषणे हा या गणिताचा शत्रू असतो. एकच पाहुणा बोलवावा आणि पत्रातच पाच मिनिटे असे लिहावे. दिलेला शब्द बहुतेक माणसे पाळतात.

एका गटात मंचावर किती माणसे असावीत याचा अंदाज भारतीय विद्यापीठ संघाच्या युवा महोत्सवाच्या नियमांवरून घेता येतो. तिथे लोकनृत्यात जास्तीत जास्त दहा नर्तक आणि पाच साथीदार असतात आणि सादरीकरण दहा मिनिटांच्या आत संपते. रंगपटातली जागाही त्याच हिशेबाने वाटावी. क्रम लावताना रिंगणाची नृत्ये सलग ठेवावीत, म्हणजे प्रेक्षकांना एकदाच हलवावे लागते. मोठ्या आवाजाच्या ढोलानंतर लगेच एकट्याचे गाणे ठेवू नये. आणि परदेशी विद्यार्थ्यांना सगळे शेवटी ढकलू नये, कारण तोवर निम्मे सभागृह शेवटची बस पकडायला निघालेले असते. क्रमाचा कागद समितीतल्या दोघांनी मिळून लिहावा आणि त्यांपैकी एक बाहेरच्या राज्यातला किंवा देशातला असावा.

परवानग्या आणि पैसा

सभागृहात कार्यक्रम असेल तर बराचसा त्रास वाचतो. मोकळ्या मैदानावर असेल तर ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो वाजवता येत नाही. परिसर शांतता क्षेत्रात येतो का, हे प्राचार्यांच्या कार्यालयाकडून आधी विचारून घ्यावे. सहाला सुरू करून साडेआठला संपवणे सगळ्यांच्या हिताचे असते, कारण मुलींच्या वसतिगृहाचे फाटकही तेव्हा उघडे असते. ते लवकर बंद होत असेल तर रेक्टरबाईंचे लेखी संमतिपत्र आठवडाभर आधी घ्यावे.

संगीताच्या हक्कांबाबत विद्यार्थ्यांमध्ये फार गोंधळ असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेतल्या सादरीकरणाला सवलत आहे; मात्र प्रेक्षक हे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असावे लागतात. तिकीट लावून बाहेरच्या लोकांना बोलावले किंवा कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवला, तर ती सवलत गृहीत धरता येत नाही. म्हणून चित्रीकरण करायचे असेल तर प्रत्यक्ष वाजणाऱ्या पारंपरिक संगीताची सादरीकरणेच प्रसारित करावीत आणि सादर करणाऱ्यांची लेखी संमती घ्यावी. काही मुलींच्या घरी त्यांनी मंचावर नाचलेले चालत नाही, आणि एक चित्रफीत त्यांचे शिक्षण थांबवू शकते.

परदेशी विद्यार्थ्यांना मानधन देऊ नये. ते शिक्षणाच्या व्हिसावर आलेले असतात आणि कमाईचा प्रश्न त्यांना अडचणीत आणू शकतो. प्रमाणपत्र, प्रवासखर्च आणि पोटभर जेवण द्यावे. पैसा मुख्यतः ध्वनी, प्रकाश, पोशाखांचे भाडे आणि जेवण यांवर जातो. एक दशांश रक्कम बाजूला ठेवावी आणि प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशी चिकटवावी. राज्यांच्या जोड्या लावून सांस्कृतिक देवाणघेवाण घडवणाऱ्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेचा क्लब महाविद्यालयात असेल तर त्याच्या समन्वयकांना भेटावे. या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे, त्यामुळे संबलपुरी नृत्याच्या गटासाठी तिथून काही मदत मिळू शकते.

निवेदन आणि प्रेक्षक

निवेदकाने प्रत्येक कलाकाराचे नाव त्याच्याच आवाजात भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे आणि नीट जमेपर्यंत घोकावे. नाव चुकीचे उच्चारून ‘सॉरी, अवघड आहे’ म्हणणे हा त्या मुलाचा अपमान आहे. निवेदन मराठीत असावे, हिंदी किंवा इंग्रजीत एक-दोन वाक्यांचा सारांश असावा आणि सादरीकरणाची पहिली ओळ त्या गटाच्या मुखत्याराने स्वतःच्या भाषेत बोलावी. ‘मागास’, ‘जंगली जोश’, ‘निरागस आदिवासी’ असे शब्द संहितेतून काढून टाकावेत. संहिता मुखत्याराला आधी वाचून दाखवावी आणि त्याने खोडलेली ओळ वाद न घालता खोडावी.

सभागृहात शेरेबाजी होते, हे मान्य करूनच तयारी करावी. ईशान्येकडच्या मुलींना आणि आफ्रिकेतल्या मुलांना जे शब्द ऐकावे लागतात, ते सगळ्यांनाच ठाऊक आहेत. ईशान्येकडच्या लोकांना देशात इतरत्र मिळणाऱ्या वागणुकीचा विचार करण्यासाठी 2014 मध्ये केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली होती. ओरडणारी टोळी कोणती, हे प्रत्येक महाविद्यालयात माहीत असते. तिच्यातल्या दोघा-तिघांना आठवडाभर आधी भेटावे आणि शक्य असल्यास बांबू धरायला किंवा मंच लावायला घ्यावे. ज्याने तीन आठवडे ताल धरला आहे, तो त्या मुलींना ओरडत नाही, असा माझा अनुभव आहे. तरीही शेरा आलाच तर काय करायचे ते आधी ठरलेले असावे: निवेदक मंचावर येईल, सादरीकरण थांबेल, सभागृहातले दिवे लागतील, स्वयंसेवक त्या व्यक्तीला बाहेर नेतील आणि गटाला पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करायची आहे का, हे विचारले जाईल. हा अधिकार प्राचार्यांकडून विद्यार्थी प्रमुखाला आधीच मिळालेला असावा, कारण त्या क्षणी परवानगी मागत बसता येत नाही.

प्रयोगाचा दिवस

रंगीत तालीम आदल्या दिवशी, पूर्ण पोशाखात आणि घड्याळ लावून व्हावी. सगळे ट्रॅक एकाच संगणकावर, क्रमांक घालून ठेवावेत आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर असावी. प्रयोगाच्या दिवशी प्रमुखाने मंचावर जाऊ नये. त्याची जागा विंगेत किंवा ध्वनियंत्रणेजवळ असते. जेवण दुपारी चारला द्यावे आणि त्यात मांस न खाणारे, डुकराचे वा गाईचे मांस न खाणारे, उपास असलेले अशा सर्वांची सोय पाहावी; पुलाव, डाळ, अंडी आणि फळे एवढ्यात ती होते. तिसरी घंटा ठरल्या मिनिटाला द्यावी, मग पाहुणे वाटेत असले तरी चालेल.

कार्यक्रम संपल्यावर भाड्याचे पोशाख दुसऱ्या दिवशी सकाळी परत करावेत आणि आठ दिवसांत हिशेब सूचनाफलकावर लावावा. मग प्रत्येक मुखत्याराला एकदा भेटून काय खटकले ते विचारावे आणि त्याच्याच शब्दांत वहीत लिहावे. क्रमाचा कागद, साउंडवाल्याचा दर, नावांचे ध्वनिमुद्रण, बांबू कोणत्या खोलीत ठेवले आहेत, कोणत्या गटाला किती वेळ कमी पडला, हे सगळे एका फाइलमध्ये घालून ती पुढच्या वर्षाच्या दोघा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. ते दोघे या वर्षी मंचामागे राबलेले असावेत, आणि त्यांच्यापैकी एक जण पुढच्या नाताळाला घरी जाणारा असला, तर तारीख ठरवण्याची बैठक तो निघण्याआधीच घ्यावी.